एकतीस नावांची हजेरी

१

डोंगरातल्या मे खोले गावाच्या शाळेत हजेरी घ्यायला वीस मिनिटं लागायची. पटावर मुलं एकतीस, पहिली ते सहावी सगळी एकाच खोलीत बसायची, आणि तरी वीस मिनिटं. पहिल्या दिवशी फायला वाटलं, हेडमास्तरांना नीट दिसत नसावं.

दिसत होतं. प्रयून सर नाव पुकारायचे, पोर "हजर" म्हणायचं, आणि सर पेन तसंच अधांतरी धरून पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून थांबायचे. जरा वेळाने समोरच्या डोंगरावरून आवाज यायचा. टक्. रिकाम्या बांबूवर कुणी बोटाने वाजवावं, एवढाच. मग सर पटावर खूण करायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. एरवी एका जागी दोन मिनिटं न टिकणारी पोरं तेवढा वेळ हाताची घडी घालून गप्प बसलेली असायची.

फाय लांपांगची, सपाटीवरची पोर. वय बावीस. शिक्षिका व्हायच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजने तिला एका सत्रासाठी करेन जमातीच्या या डोंगरी गावात धाडलं होतं, आणि त्यातले आता तीन आठवडे उरले होते. कॉलेजच्या मॅडम येऊन तिचा पाठ बघणार, गुण देणार, आणि त्या गुणांवर तिला घराजवळची शाळा मिळायची की नाही ते ठरणार. घरी आई एकटीच होती. गुडघ्यांनी बेजार झालेली, नूडल्सची गाडी कशीबशी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेणारी. फायला दुसरं काही नको होतं. गुण, घराजवळची शाळा आणि आई.

त्या आवाजाबद्दल तिने सरांना विचारलं होतं. सर आधी म्हणाले, पाखरू असेल. आठवड्याने पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की गावात मूल जन्मलं की बाप त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालतो आणि त्या डोंगरावरच्या एखाद्या झाडाला बांधून येतो. ते झाड त्या मुलाचं. त्याला कुणी कुऱ्हाड लावत नाही.

"ते ठीक आहे सर," फाय म्हणाली, "पण वाजवतं कोण?"

"ते मी विचारलं नाही कधी," सर म्हणाले. "मी हजेरी घेतो."

वाऱ्याने नळकांडी खोडावर आपटत असतील, असं फायने स्वतःला समजावलं. वारा नसलेल्या दिवशीही आवाज यायचा, पण तेवढं खोलात जायला तिला सवड नव्हती.

२

जानेवारीच्या एका रविवारी प्रयून सर पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला तालुक्याला निघाले. मोटरसायकलला किक मारायच्या आधी त्यांनी फायला तीनच गोष्टी सांगितल्या. हजेरी मोठ्याने घ्यायची. पश्चिमेची खिडकी उघडी ठेवायची. आणि नाव घेतलं की थांबायचं, घाई करायची नाही. फाय "हो सर, हो सर" म्हणाली. सर वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत होती, आणि मनात तिचा बेत पक्का झालेला होता.

कॉलेजला हवा होता नवा उपक्रम. तो नसला तर पाठ कितीही रंगू दे, वरचे गुण मिळत नाहीत. फायने पुठ्ठ्याचा एक मोठा फलक केला होता. त्यावर एकतीस खिळे आणि एकतीस रंगीत चिठ्ठ्या. मुलांनी सकाळी यायचं, आपापली चिठ्ठी उचलायची आणि खिळ्याला अडकवायची. नावं पुकारायची भानगडच नको. दीड मिनिटात हजेरी आटपते आणि वाचलेला वेळ वाचनाला मिळतो. कागदावर तर हे झकास दिसत होतं.

सोमवारी सकाळी तिने तसंच केलं. थंडी कडाक्याची होती आणि पश्चिमेच्या वाऱ्याने चिठ्ठ्या उडत होत्या, म्हणून खिडकीही लावून घेतली. दीड मिनिटात सगळं आटोपलं. फायने वही उघडली आणि मान वर केली, तर एकतीसच्या एकतीस पोरं बंद खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पहिलीतली लापॉ पुढच्याच बाकावर बसायची. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं फुर्र करून निसटायचं. तिने हात वर केला.

"बाई, आमची नावं घ्या की."

"तूच लावलीस ना तुझी चिठ्ठी? झाली हजेरी."

"आमची झाली," लापॉ म्हणाली. "तिकडची राहिली."

फाय हसली आणि म्हणाली, तिकडच्यांनाही सांग येऊन चिठ्ठी लावायला. तिने हे अगदी सहज म्हटलं होतं. वर्गातलं कुणी हसलं नाही.

३

मंगळवारी चिठ्ठ्या लावून झाल्या आणि आवाज आला. टक्. पण डोंगरावरून नव्हे. खालच्या कापणी झालेल्या शेतातून आला, जिथे झाड नाही, बांबू नाही, नुसती धसकटं. त्यामागून दुसरा आला, मग तिसरा. फायने नकळत मोजले. एकतीस.

मधल्या सुट्टीत ती शेतापर्यंत जाऊन आली. तिथे काहीच नव्हतं. सुतारपक्षी, ती स्वतःशी म्हणाली. थंडीने बांबू आकसतो, तडकतो, हे तिने कुठेतरी वाचलेलं होतं. किंवा मोठ्या पोरांची खोडी. पण मोठी पोरं त्या वेळी तिच्या समोर बसली होती, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

बुधवारी तोच आवाज कुंपणाजवळच्या मासळीच्या तळ्यावरून आला.

त्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की वर्ग फार शहाणा झालाय. कुणी कुणाला चिमटा काढत नाही, पेन्सिलीवरून भांडत नाही. सांगितलं की लिहायला घेतात, सांगितलं की थांबतात. जेवणाच्या सुट्टीत भोपळ्याची भाजी आणि भात ताटात तसाच निवत राहिला. शाळेचा स्वयंपाक करायचे ते पाती शवा. पाती म्हणजे काका, सगळं गाव त्यांना पातीच म्हणायचं. एकतीस भरलेली ताटं परत आलेली पाहून ते पळी घेऊनच वर्गाच्या दाराशी आले.

"बाई, हजेरी घेताय ना?"

"घेतली की पाती. सगळे हजर."

पातींनी एकेका पोराच्या तोंडाकडे बघितलं. मग पळी घेऊन चुलीकडे परत गेले. फायने आपण खोटं बोललो नाही असं मनात दोनदा घोकलं, आणि दोन्ही वेळा तिला ते पटलं नाही. पण मॅडम उद्या येणार होत्या. एकच दिवस काढायचा होता.

४

गुरुवारी दुपारी विपा मॅडम जीपमधून उतरल्या त्या कंबर धरूनच. सहा तासांच्या रस्त्याने त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटच्या बाकामागे खुर्ची टाकून त्या बसल्या आणि त्यांनी गुणांचा तक्ता मांडीवर घेतला.

जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं आत आली. मॅडमना दाखवायला एकेकाने पुन्हा चिठ्ठी लावली. चालताना पाय वाजत नव्हते, बाक सरकत नव्हते. फायने पाठ सुरू केला. विषय होता पाणी: ढग, पाऊस, ओढा, नदी. तिने प्रश्न विचारला की एकतीस हात एकदम वर जायचे, एकाच उंचीवर, आणि उत्तर एकाच आवाजात यायचं. तिने खडू फळ्यावर टेकवला, आणि त्याच वेळी पायाखालून आलं. टक्.

शाळा लाकडी खांबांवर उभी होती, जमिनीपासून पुरुषभर उंच. आवाज त्या फळ्यांच्या खालून येत होता. टक्, दाराखाली. टक्, टेबलाखाली. टक्, एकेका बाकाखाली, ज्याच्या त्याच्या. फाय बोलत राहिली. काय बोलली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. तळव्यांना फळी हलकेच थरथरल्याची जाणीव होत होती. भीती तर होतीच. पण त्या भीतीखाली आणखी काहीतरी होतं आणि त्याचंच तिला जास्त नवल वाटलं. देवळात घंटेखाली उभं राहिल्यावर होतं, तसं तिला आपण फार लहान झाल्यासारखं वाटत होतं.

मॅडमना त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. पाठ संपल्यावर त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत इतका शिस्तीचा वर्ग मी बघितला नाही. काय जादू केलीस गं?" त्यांनी तक्ता तिच्यासमोर धरला. सगळे गुण वरचे होते. लांपांगच्या शाळेबद्दल आपण स्वतः शब्द टाकू, असंही त्या म्हणाल्या. मग चहा न घेताच जीप निघून गेली, कारण उजेड असेपर्यंत त्यांना घाट उतरायचा होता.

फाय वर्गात परतली. मुलं जागची हलली नव्हती. तिने लापॉच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, सुट्टी झाली, चल. लापॉचे डोळे उघडे होते. फायने पुन्हा हाक मारली, गालावर हलकी थापटी दिली. पोरगी बाकावर कलंडली, पीठ काढून घेतलेल्या पोत्यासारखी. श्वास होता, अगदी थोडा.

गुणांचा कागद अजून फायच्या हातात होता. तो तिने कुठे टाकला, तिला कळलं नाही.

५

पाती चुलीपाशी बसले होते. फायने सगळं सांगितलं. फलक, चिठ्ठ्या, बंद खिडकी, तीन दिवसांचे तीन आवाज, आणि सगळे हजर असं आपण सांगितलं तेही. ती रडत होती, पण काही लपवलं नाही.

पातींनी तिला एक शब्दही लावला नाही. लावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"रोज कुणीतरी नाव घेतं म्हणून ती तिथं उभी असतात," ते म्हणाले. "नाव घेतलं नाही, तर येणारच ना बघायला. पोरंच ती."

"आता काय करायचं पाती?"

"परत नेऊन सोडायची. सूर्य बुडायच्या आत. झाड रिकामं राहिलं तर..." त्यांनी वर्गाकडे नुसती मान वळवली. "मोठी काढतील एखादी रात्र. धाकटी नाही काढायची."

"तुम्ही न्या. मी हात जोडते."

"माझ्यामागे कशाला येतील? ती तुमच्यासाठी आलीत, बाई. शाळेतली पोरं कशी नेता तुम्ही ओढ्यावर? तशीच न्यायची. रांगेत. मी पुढं होऊन झाडं दाखवतो. मागं वळून बघायचं नाही तेवढं. नवख्या माणसाने बघितलं की लाजतात."

लाजतात, असंच म्हणाले ते. फायला नंतर कितीदा तरी हा शब्द आठवला.

६

तिने पट छातीशी धरला, शाळेच्या पायऱ्या उतरली आणि खांबांमधल्या अंधाराकडे पाठ करून उभी राहिली. रोज म्हणायची तेच म्हणाली, फक्त आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"चला. दोघादोघांची जोडी करा. हात धरा."

मागे सुकलेली पानं वाजली. पुष्कळ पानं. मग शांत झालं, आणि तिच्या डाव्या करंगळीला कुणीतरी धरलं. स्पर्श गार होता आणि जरासा खरखरीत, सालीसारखा. पण पकड लहान पोराचीच होती, पूर्ण बोट मुठीत न मावणारी. फायने हात सोडवून घेतला नाही. शाळेत आलेल्या पोराचा हात सोडवून घेत नाहीत, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं.

पाती पुढे, ती मागे, आणि तिच्यामागे ते चालणं. वाट तळ्याच्या बांधावरून जात होती. मागे न बघणं तिला जमलं, पण पाण्याचं तिने ध्यानात घेतलं नव्हतं. दुपारचं ऊन तिरपं होतं, पाणी स्वच्छ. त्यात पाती दिसले, ती स्वतः दिसली, आणि तिच्यामागे जोडीजोडीने चालणारी रांग दिसली. रांगेतली ती पोरं लहान नव्हती. एवढी उंच होती की तळ्यात मावत नव्हती. खांद्यांच्या वर काय होतं ते तिने बघितलं नाही. तिथे पाण्यात आकाश होतं आणि खूप पानं होती, आणि ती सगळी पानं जरा वाकून तिच्याकडे बघत होती.

तिने डोळे समोर वळवले आणि चालत राहिली. पळावंसं वाटलं नाही, हे खरं. इतकं मोठं काहीतरी आपल्यामागे रांगेत चालतंय, आपण सांगितलं म्हणून हात धरून चालतंय, याने तिचा ऊर भरून आला होता.

डोंगरावर पाती एकेका झाडाला तळवा लावायचे आणि बाजूला व्हायचे. खोडावर काळवंडलेलं नळकांडं असायचं, कुठे सालीने अर्धं गिळलेलं. फाय नाव घ्यायची. मग थांबायची. जितका वेळ लागेल तितका. मागून काहीतरी सरकून तिच्या अंगाजवळून जायचं, वाऱ्यासारखं पण वारा नाही. टक्. ती खूण करायची.

तीस नावं झाली. सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला होता.

७

लापॉचं झाड सगळ्यांत टोकाला होतं. सडपातळ झाड, सहा-सात वर्षांपूर्वी बांधलेलं नळकांडं अजून पिवळट. पातींनी त्याला तळवा लावला आणि ते दूर जाऊन उभे राहिले.

"लापॉ," फायने हाक मारली.

काही नाही. करंगळी तशीच मुठीत होती.

तिने पुन्हा नाव घेतलं. मूठ उलट घट्ट झाली. खाली गाव सावलीत गेलं होतं, आणि शाळेच्या बाकावर ती फुर्र करून बोलणारी पोरगी उघड्या डोळ्यांनी पडून होती. फाय गुडघ्यांवर बसली. कुणाकडे बघून बोलायचं ते कळेना, म्हणून तिने झाडाकडे बघितलं.

"जा बाळा. माझं चुकलं. उद्या नाव घेईन तुझं. खिडकी उघडी ठेवून घेईन."

मूठ किंचित सैल झाली, आणि थांबली. अजून काहीतरी ऐकायचं होतं तिला.

"परवाही घेईन," फाय म्हणाली.

आणखी थोडी सैल झाली. पण सुटली नाही.

काय मागितलं जातंय ते फायला मग नीट कळलं. तीन आठवडे उरले होते. नंतर लांपांग, घर, आईची गाडी आणि आईचे गुडघे. हो म्हणून मोकळं व्हायचं आणि तीन आठवड्यांनी बस पकडायची, हे तिला सहज जमलं असतं. चार दिवस तिने तेच तर केलं होतं. तिचा हात धरून उभं होतं ते खरं-खोटं पारखणारं नव्हतं. ती जे म्हणेल ते खरं मानून ते झाडात गेलं असतं आणि वाट बघत राहिलं असतं. तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची. आजवर तिच्या शब्दावर इतका भरवसा कुणीच टाकला नव्हता, आईनेसुद्धा नाही.

ती किती वेळ बसली होती कुणास ठाऊक.

"रोज," फाय म्हणाली. आणि ते तिने खरंच म्हटलं.

करंगळी मोकळी झाली. समोर, अगदी हाताच्या अंतरावर, तिच्या कमरेच्या उंचीवर आवाज आला. टक्.

जरा वेळाने खालून, गावाच्या दिशेने, एका पोरीचं रडणं ऐकू आलं. भुकेचं, हट्टाचं, पाय आपटून काढलेलं भोकाड. मग दुसऱ्या कुणाचं, मग एकच कालवा झाला. पाती तोंडावर हात धरून हसले आणि त्याच हाताने त्यांनी डोळे पुसले. आता एकतीस पोरांचा भात करायला लागणार, म्हणत ते उतरायला लागले.

फायने पटावर शेवटची खूण केली. खूण चौकटीबाहेर गेली. आईला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि ते सुचेपर्यंत रडू थांबणार नव्हतं. पण झाडं सगळ्या बाजूंनी स्तब्ध उभी होती, आणि सकाळी आठला ती सगळी कान देऊन वाट बघणार होती. तिने पट मिटला आणि उठली.